हिऱ्याचा दांडा आणि घरातली सुरी

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीत आणि आसपासच्या गल्ल्यांत बरीच वर्षं हिऱ्यांचा बाजार भरत होता. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं आणि त्यातला मोठा व्यवहार गिरगावातून तिकडे गेला. कागदाच्या पुडीतून येणारा तो हिरा पारखला जायचा रंगावरून, आतल्या डागावरून, पैलूंवरून. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत काही शे रुपयांपासून मिळणाऱ्या धार लावायच्या दांड्यावरही हिरेच असतात, पण त्यांना यातली एकही कसोटी लागत नाही. हा दांडा दिसायला राखाडी आणि निस्तेज असतो. बोट फिरवलं की बारीक खरखर लागते, एवढाच त्याचा हिरेपणा.

हे हिरे खाणीतले नव्हेत, कारखान्यातले असतात. १९५४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी ग्राफाइटपासून हिरा बनवला आणि पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने ते जगाला सांगितलं. स्वीडनच्या आसेआ कंपनीने हेच काम आदल्या वर्षी साधलं होतं, पण त्यांनी ते गुपित ठेवलं आणि पहिलेपणाचा मान गमावला. कृती सांगायला सोपी आहे. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट घ्यायचं, सोबत वितळलेलं लोखंड किंवा निकेल, वर हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान. अशी हिऱ्याची पूड आज सर्वाधिक चीनमध्ये तयार होते. इमारतीत कुणाच्या घराचं काम निघालं की फरशी कापणाऱ्या चकतीचा जो कर्कश आवाज दिवसभर डोकं उठवतो, त्या चकतीच्या कडेलाही हीच पूड असते.

तर हिरा स्वस्त झाला आणि स्वयंपाकघरात आला. तो आला तरी बहुतेक घरांतल्या सुऱ्या बोथटच आहेत, कारण दांडा आणला जातो तो औषधासारखा वापरायला: सुरी अगदी चालेनाशी झाली की सहा महिन्यांनी कधीतरी, जोर लावून, खसाखसा. हे हत्यार त्या कामाचं नाही. थोडं थोडं, वरचेवर आणि हलक्या हाताने करण्यासाठी ते बनलेलं आहे. असं का, हे कळायला आधी धार म्हणजे काय ते पाहावं लागेल.

पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. कागदावर रेघेला जाडी नसते, पोलादात असते. चांगल्या धारेच्या सुरीत ती एका मायक्रॉनहूनही कमी भरते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरू लागते तेव्हा ही कड काही मायक्रॉन रुंद झालेली असते. डोळ्यांना त्यात फरक दिसत नाही. पण पातं दिव्याखाली धरून धार सरळ डोळ्यांकडे केली तर बोथट जागी चमकती रेघ दिसते. तीक्ष्ण धारेवर प्रकाश परतवण्याइतकी जागाच नसते, म्हणून ती दिसत नाही. सुरी तपासायची ही सगळ्यांत सोपी रीत आहे, आणि तिच्यात बोटही कापत नाही.

धार जाते कशी? काही वेळा ती झिजते. काही वेळा तिचे बारीक टवके उडतात. बरेचदा ती नुसती एका बाजूला कलंडते, विशेषतः घरात असतात तशा मऊ पोलादाच्या सुऱ्यांत. त्यात लिंबू, चिंच, टोमॅटो यांचा आंबटपणा आणि मुंबईची दमट हवा त्या बारीक कडेला गंजवते, स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादालाही थोडं. पोलादाचं वैरी पोलादाहून कठीण असावं लागतं अशी आपली समजूत असते, पण तसं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की दाढीचे केस पोलादापेक्षा पन्नास पटींनी मऊ असूनही वस्तऱ्याच्या धारेचे टवके काढतात. केस तिरका येऊन धारेवर आडवा ताण देतो आणि पोलादाच्या आतल्या रचनेत जिथे थोडी कमजोरी असेल तिथून कण सुटतो. भाजी तर काय, रोज कापली जाते.

मात्र सुरीचं खरं नुकसान भाजी करत नाही, भाजीखालचा पृष्ठभाग करतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर लिंबू ठेवून कापलं की संपलं. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ आहे आणि सुरीचं पोलाद त्याच्या खाली, म्हणून एका फटक्यात तेवढ्या जागेची धार जाते. काचेचा कटिंग बोर्ड दुकानात छान दिसतो, पण तो भेट म्हणून आला तर त्यावर चीजचे तुकडे मांडावेत. स्टेनलेसच्या ताटात कांदा चिरायची सवय तर घरोघर आहे. धातूवर धातू घासतो, आवाज येतो, आणि तो आवाज कुणाच्या कानाला खटकत नाही. लाकडी पाट किंवा साधा प्लॅस्टिकचा बोर्ड, बस. दांड्यावर पैसे घालण्याआधी हे करावं.

आपल्याकडे धारेचा प्रश्न असा नव्हता, कारण सुरीच फारशी नव्हती. गिरगाव-दादरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा आणि चिरणं विळीवर. एक पाय पाटावर, दोन्ही हात मोकळे, पातं स्थिर आणि भाजी फिरती. कोबीची मलमलीसारखी चीर, केळफुलाचे तुकडे, नारळ खवायला पुढे खवणी. विळीचं पातं जाड, लोखंड बरेचदा मऊ, आणि जाड पात्याला धार गेली तरी वजनावर आणि दोन हातांच्या ढकलण्यावर काम निभत असे. उभा ओटा आला तशी विळी आधी ओट्यावर चढली आणि मग बऱ्याच घरांत माळ्यावर गेली. तिच्या जागी पातळ स्टेनलेसची सुरी आली. पातळ पात्याला वजनाचा आधार नसतो, त्याचं सगळं भांडवल म्हणजे धार. ती राखायची सवय मात्र विळीसोबत आली नाही, कारण विळीला तिची तितकी गरजच नव्हती.

विळीला धार लावायच्या घरगुती युक्त्या होत्या. चाळीच्या जिन्याच्या काळ्या दगडाच्या पायरीवर पातं घासायचं. लोणच्याची चिनी मातीची बरणी किंवा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या कडेवर पातं फिरवायचं. दुसरी युक्ती आजही उत्तम चालते. बुडाच्या त्या कडेला झिलई नसते. भट्टीत भाजलेली उघडी माती तिथे असते आणि तिच्यातले क्वार्ट्झसारखे कण पोलादाहून कठीण असतात. पायरीची गोष्ट वेगळी. मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यातली खनिजं मोह्सच्या मापावर ५ ते ६. विळीचं मऊ लोखंड त्यावर घासलं जायचं, पण आजची कडक केलेली सुरी त्यावर घासली तर बहुधा दगडच हरतो. आजीची युक्ती माझ्या सुरीवर का चालत नाही, असा प्रश्न पडणाऱ्यांना उत्तर इथे आहे: युक्ती चुकीची नव्हती, लोखंड बदललं.

बाकी काम धारवाल्याचं. सायकल स्टँडवर चढवायची, तो कॅरिअरवर बसून पायडल मारणार आणि पट्ट्यावर पुढचं चाक फिरणार. ते चाक म्हणजे सायकलचं नव्हे, धारेचं गोल चाक, ज्यातून ठिणग्या उडतात आणि चाळीतली पोरं गोळा होतात. गॅलरीतून ‘ओ धारवाला, रुको!’ अशी अर्धी हिंदी अर्धी मराठी हाक जायची आणि कात्री, सुरी, विळीचं पातं एका पिशवीतून खाली यायचं. या धंद्याची मुळं जुनी आहेत. तलवारी पाजवणाऱ्यांचं शिकलगार हे आडनाव सांगली, सातारा, कोल्हापुरात आजही सापडतं आणि रस्त्याकडेला भाता मांडून कोयते-विळे घडवणारे घिसाडी पोलादाला पाणी द्यायचं कसब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. धारेच्या चाकांचा आधुनिक उद्योगही मुंबईच्या हाकेच्या अंतरावर उभा राहिला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच ज्या मोऱ्याला जाते, तिथेच १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीने घासचाकांचा कारखाना काढला.

लालबाग-परळला तर धार हा कामाचा भाग होता. गिरणीत कापूस पिंजून सरळ करणाऱ्या कार्डिंग मशीनवर बारीक तारांची दाट टोकं असतात. ती बोथट झाली की सूत बिघडतं. म्हणून ठरावीक काळाने एमरी चढवलेला रोलर त्यांवर फिरवून ती घासून घ्यायची, आणि त्यासाठी वेगळे कामगार असत. सूत कातलं जायच्या आधी कुणीतरी टोकांना धार लावलेली असायची, ही गोष्ट गिरण्यांच्या आठवणीत फारशी येत नाही. फिटर मंडळी कटाईच्या करवतीचं तुटलेलं पातं घरी आणून त्याला मूठ बसवत आणि त्याची सुरी करत. ते पोलाद दुकानातल्या सुरीपेक्षा कैक पटींनी चांगलं असे. खंडेनवमीला यंत्रांवर झेंडूच्या माळा चढत, तशा घरी विळी-कोयत्यालाही हळदकुंकू लागे. आणि लालबागचीच आणखी एक गोष्ट. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली इथे कुलपांचा कारखाना काढला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली होती. ज्या इंग्रज व्यापाऱ्याकडे ती विकायची होती, त्याला माल पसंत होता, पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता. गोदरेजांनी शिक्का सोडला नाही, धंदा सोडला. नाहीतर आज कपाटांऐवजी गोदरेजची सुरी घरोघर असती, असं गमतीने म्हणायला हरकत नाही.

गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. तिसाव्या मजल्यावर धारवाल्याची हाक पोचत नाही आणि फाटकावर वॉचमन त्याला आत सोडत नाही. तो अजून मंडईच्या बाहेर भेटतो, पण त्याच्याकडे सुरी न्यायची म्हणजे कागदात गुंडाळून पिशवीतून न्यायची, आणि तेवढ्यासाठी वाट वाकडी कोण करतो.

धारवाल्याबद्दल एक तक्रारही आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोरडं चाक वेगाने फिरतं तेव्हा धारेवर प्रचंड उष्णता होते. पोलाद कडक करताना त्याला आधी लाल तापवून गार करतात आणि मग पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवतात. सुऱ्यांच्या बाबतीत हे दुसरं तापमान बरेचदा दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास असतं. चाकावर धारेची बारीक कड त्याच्या वर गेली की तेवढं पोलाद मऊ पडतं. कडेवर निळसर झाक दिसली तर समजावं की तिथे तीनशे अंशांच्या आसपास पोचलं होतं. अशी सुरी घरी आल्या दिवशी केस कापते आणि चौथ्या दिवशी बोथट होते, आणि दोष सुरीला मिळतो. शहाणा धारवाला पातं सतत हलतं ठेवतो आणि मधूनमधून पाण्यात बुडवतो. तसा भेटला तर त्याला सोडू नये.

हातातल्या दांड्याने ही भीती नाही, कारण हाताचा वेग कमी आणि उष्णता नगण्य. हिऱ्याच्या बाबतीत तर हे दुप्पट महत्त्वाचं. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. म्हणून पोलाद घासायच्या वेगवान यंत्रांत हिरा लवकर झिजतो आणि कारखाने तिथे क्युबिक बोरॉन नायट्राइड नावाचा दुसरा कठीण पदार्थ वापरतात. हाताने सावकाश घासताना हा प्रश्न उद्‌भवत नाही.

दांडे तीन प्रकारचे मिळतात आणि दुकानदार तिन्हींना एकच नाव देतो. पहिला गुळगुळीत किंवा उभ्या रेघांचा पोलादी दांडा, मटणवाल्याच्या ठोकळ्याशेजारी असतो तो. तो कलंडलेली धार सरळ करतो आणि रेघा असतील तर किंचित खरवडतोही. नवीन धार तो घडवू शकत नाही. मटणवाला दर दोन मिनिटांनी त्यावर सुरी फिरवतो ते यासाठी. दुसरा सिरॅमिकचा, बहुतेक अॅल्युमिनाचा, म्हणजे कुरुंदाच्याच जातीचा. मोह्सच्या मापावर ९. काम छान करतो, पण ओट्यावरून पडला की दोन तुकडे. तिसरा हिऱ्याचा. मोह्सने १८१२ साली दहा खनिजं क्रमाने लावली तेव्हा कुरुंदाला ९ आणि हिऱ्याला १० मिळाले, त्यामुळे दोघांत एकाच पायरीचं अंतर वाटतं. प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या चौपटीच्या आसपास कठीण आहे. पोलादी दांड्यावर निकेलचा पातळ थर विजेने चढवतात आणि त्या थरात हिऱ्याचे कण अर्धे गाडलेले राहतात. कणांचा आकार ग्रिटच्या आकड्याने सांगतात. सहाशेच्या दांड्यावर कण साधारण २५ मायक्रॉनचे, बाराशेच्या दांड्यावर ९ मायक्रॉनचे. घरासाठी एकच घ्यायचा तर हजार-बाराशेच्या आसपासचा घ्यावा. सहाशेचा लवकर धार देतो, पण धार करवतीसारखी दातेरी राहते. पिकलेल्या टोमॅटोला ती आवडते, चोचवायच्या काकडीला नाही. लांबीला दहा इंच, म्हणजे घरातल्या सगळ्यांत लांब सुरीच्या पात्याहून थोडा जास्त.

आता प्रत्यक्ष काम. टीव्हीवरचा शेफ दांडा हवेत धरून सुरी सपासप फिरवतो, ते नाटक घरी करू नये. ओट्यावर घडी घातलेलं ओलं फडकं ठेवावं, दांड्याचं टोक त्यावर टेकवून मूठ वर करून उभा धरावा. दांडा हलत नाही, तेव्हा कोन हाताळायला फक्त एक हात उरतो. सुरी दांड्याला काटकोनात टेकवा, तो ९० अंशांचा कोन. त्याचा अर्धा ४५, त्याचाही अर्धा साडेबावीस. त्याहून किंचित आत आलात की २०. आपल्याकडच्या साध्या सुऱ्या आणि जर्मन धाटणीच्या सुऱ्यांना दर बाजूला १५ ते २० अंश चालतो. जपानी पद्धतीच्या पातळ सुरीला १० ते १५. हाडं तोडायच्या सत्तुराला २५, नाहीतर धार मोडेल.

अंश डोळ्यांना कळत नाहीत, अंतर कळतं. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर १५ अंशांना त्याची पाठ दांड्यापासून १ सेंटिमीटर दूर असते आणि २० अंशांना १.४ सेंटिमीटर. छोट्या २ सेंटिमीटरच्या सुरीला हेच अंतर अर्धा ते पाऊण सेंटिमीटर.  आणखी खात्री हवी असेल तर धारेच्या उतारावर मार्कर पेनने रंग लावावा आणि दोन-तीन वेळा सुरी फिरवून पाहावी. रंग कडेपासून गेला तर कोन बरोबर. वरचाच रंग गेला आणि कडेला राहिला तर सुरीची पाठ दांड्याच्या फार जवळ धरली जातेय. फक्त कडेचा गेला तर फार दूर. मला ही मार्करची रीत सगळ्या यंत्रांपेक्षा आवडते, कारण ती दर सुरीगणिक उत्तर देते.

सुरी पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून सुरू करून, खाली आणत, स्वतःकडे ओढत टोकाशी संपवायची. एका फेरीत पूर्ण पातं दांड्यावरून गेलं पाहिजे. टोकाशी आल्यावर मनगट थोडं वर उचलावं लागतं, नाहीतर गोलाई असलेल्या टोकाला धार लागत नाही. मग दुसरी बाजू. डावी, उजवी, डावी, उजवी. दाब सुरीच्या स्वतःच्या वजनाहून फारसा जास्त नको. सगळ्यांत जास्त चूक इथे होते. जोर लावला की निकेलच्या थरातून हिऱ्याचे कण उपटले जातात आणि धारेवर खोल ओरखडे पडतात. कण उपटले की दांडा कायमचा गेला. नवीन दांडा सुरुवातीला जरा जास्त खरवडतो, कारण काही कण इतरांहून उंच राहिलेले असतात. थोड्या वापराने तो बसतो. त्याआधीच ‘फार खरबरीत निघाला’ म्हणून परत करू नये.

किती वेळा? रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा, दर बाजूला चार-पाच फेऱ्या. पुरेसं आहे. हिऱ्याचा दांडा दर वेळी पोलाद काढतो. रोज वीस-वीस फेऱ्या मारत राहिलं तर दोन-चार वर्षांत सुरीचं पोट आत जातं, मुठीजवळ खळगी पडते आणि ती सुरी पाटावर सपाट टेकत नाही. मग कोथिंबिरीच्या काड्या माळेसारख्या जोडलेल्या निघतात. हे लक्षण दिसलं तर दांड्याने भागणार नाही, सपाट दगडावर पातं सरळ करून घ्यावं लागेल.

घासताना एका बाजूचं पोलाद दुसऱ्या बाजूला बारीक पदर होऊन लटकतं. कारखान्यातली मंडळी त्याला बर म्हणतात. बोटाचं पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेला आडवं हलकेच सरकवलं तर तो जाणवतो. (धारेच्या दिशेने लांबीत बोट फिरवू नये, हे सांगायला नको.) बर राहिला तर सुरी पहिल्या दिवशी अतिशय तीक्ष्ण वाटते आणि दुसऱ्या दिवशी तो पदर मोडून ती बोथट होते. म्हणून शेवटच्या दोन-तीन फेऱ्या जवळजवळ दाब न देता, दर वेळी बाजू बदलत. मग पातं ओल्या फडक्याने पुसायचं. ही पायरी कुणी करत नाही, पण पोलादाची जी पूड पात्यावर बसलेली असते ती नाहीतर कोशिंबिरीत जाणार.

पारख टोमॅटोवर. दाब न देता, नुसतं ओढून साल कापली पाहिजे. कांद्यावरही फरक कळतो, आणि तो डोळ्यांतून. २०२५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की बोथट पात्याखाली कांद्याची पाकळी आधी वाकते, आत दाब साठतो आणि मग रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने वर उडतात. तीक्ष्ण पातं पाकळी फोडत नाही, कापतं. कांदा चिरताना पाण्यात ठेवा, तोंडात पोळी धरा, पंखा लावा असे जे उपाय घरोघर सांगितले जातात, त्यांच्या आधी सुरीला चार फेऱ्या मारून पाहाव्यात.

विळी अजून वापरात असेल, आणि खोबरं खवायला व सुरण-फणस कापायला ती अनेक घरांत आहेच, तर तिलाही हा दांडा चालतो. उलट तिथे तो सपाट दगडापेक्षा बरा, कारण बाकदार पात्यावर दगड पूर्ण बसत नाही, दांडा मात्र बाकाच्या कुठल्याही बिंदूला टेकतो. फक्त इथे पातं स्थिर आणि दांडा फिरता. विळी नेहमीसारखी समोर ठेवून बसू नये, धार स्वतःकडे असते. ती उलटी फिरवून धार पलीकडे करावी, पाट पायाने घट्ट दाबावा आणि दांडा पाठीकडून धारेकडे, आपल्यापासून दूर ढकलावा. विळीचं पातं जाड असतं, म्हणून कोन २५च्या जवळ ठेवावा. नागपंचमीला चिरणं-कापणं वर्ज्य असतं, त्या दिवशी विळीला रिकामा वेळ असतो. त्यात तिला धार लावणं पापात मोडतं का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावं.

दातेरी टोमॅटो-सुरी या दांड्यावर नेहमीसारखी फिरवू नये, दाते झिजून सपाट होतात. कोळणीकडे सुरमईच्या तुकड्या करणारा कोयता किंवा मटणाचा सत्तूर मोठ्या कामाचा. त्यांना दांडा नुसता नितळपणा देतो, खरी धार दगडाने किंवा चाकानेच येते. आणि जी सुरी वर्षभर कुणी पाहिलीच नाही, तिलाही आधी दगड किंवा पाणी मारणारा धारवाला. दांडा पात्याला एका वेळी एकाच बिंदूवर टेकतो, त्यामुळे गेलेली धार नव्याने घडवायला तो अपुरा पडतो आणि ती वेडीवाकडी होते.

पावसाळ्यात सुरी धुऊन लगेच पुसावी, सिंकमध्ये कुकरच्या झाकणाखाली पडू देऊ नये. लोखंडी विळीला चार महिने खोबरेल तेलाचा हात फिरवावा. ड्रॉवरमध्ये चमच्यांसोबत लोळणारी सुरी कापण्यापेक्षा तिथेच जास्त बोथट होते. पुठ्ठ्याचं साधं म्यान पुरतं.

दांड्याला तेल लावू नये. तेलात पोलादाची पूड चिकटून कणांमधल्या फटी भरतात आणि दांडा गुळगुळीत वाटू लागतो. लोकांना वाटतं हिरा झिजला. बहुतेक वेळा तो नुसता मळलेला असतो. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, नाहीतर मुलांच्या कंपासपेटीतलं खोडरबर कोरडं घासलं तरी काळा थर निघतो. धुतल्यावर पुसून कोरडा करावा, निकेलखालचं पोलाद कुठे उघडं पडलं असेल तर तिथे गंज धरतो. एवढं करूनही सुरी त्यावर नुसती घसरत असेल तर दांड्यावर नखाचं टोक वरपासून खालपर्यंत फिरवून पाहावं. सगळे हात मधल्या चार इंचांतच चालतात, त्यामुळे तेवढा भाग गुळगुळीत झालेला असतो आणि मुठीजवळचे दोन-तीन इंच जवळजवळ कोरे असतात. नवा दांडा आणण्याआधी ते वापरून घ्यावेत.